जुन्या स्पोर्ट्स गाडीतील विद्युत दोषशोधन : सातारा जिल्हा

सुमारे १९५० ते १९८० या काळातील, बहुधा दोनच आसनांच्या आणि कापडी टपाच्या गाड्यांमध्ये विजेचा बिघाड नेमका कुठे आहे हे मोजून ठरवण्याची पद्धत. अशा गाडीत संगणक नसतो, सेन्सर नसतात, स्कॅनर लावायला जागाच नसते. बॅटरी, ती भरणारा डायनामो किंवा अल्टरनेटर, ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल, इंजिन सुरू करणारा सेल्फ, थोडे स्विच, दिवे आणि त्यांना जोडणारी तांब्याची वायर एवढाच सगळा संसार. त्यामुळे काम तत्त्वतः सोपे आहे. ते अवघड होते आधीच्या मालकांनी आणि वायरमननी वेळोवेळी मारलेल्या जोडांमुळे. दोष सुट्या भागात सापडण्यापेक्षा जोडात किंवा अर्थिंगमध्ये (वीज बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत) सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तरीही गॅरेजमध्ये आधी कॉइल बदलली जाते, मग बॅटरी, आणि गंजलेला अर्थिंगचा बोल्ट शेवटपर्यंत कोणी खोलत नाही.

हवामान : महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण आणि खटाव तालुके पर्जन्यछायेत येतात. पाचगणी, यवतेश्वर, कासच्या धुक्यात फिरणाऱ्या गाडीच्या कनेक्टरांत ओल शिरते आणि पितळेवर हिरवट थर चढतो. हा थर वीज पूर्ण अडवत नाही, अर्धवट अडवतो, म्हणून दिवा लागतो पण मंद लागतो. माण-खटावातल्या दहिवडी-वडूजकडे शेडमध्ये वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे दुखणे वेगळे. १९५०च्या दशकातील वायरींवर रबर आणि त्यावर सुती विणीचे आवरण असे. रबर उन्हाने कडक होऊन वाकवताच भुगा पडतो, आणि शेडमधल्या उंदरांना ते आवरण कुरतडायला आवडते.

लुकास आणि पॉझिटिव्ह अर्थ : ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचे बहुतेक विद्युत साहित्य बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीचे असे. ‘अंधाराचा राजपुत्र’ हे या कंपनीला चिकटलेले टोपणनाव इंग्लंडात विनोदाचा विषय आहे. ते थोडे अन्यायाचे वाटते, कारण पन्नास-साठ वर्षे न उघडलेला कोणत्याही कंपनीचा जोड असाच वागेल. भारतात १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली. ॲम्बॅसॅडर आणि स्टँडर्ड हेराल्ड या गाड्यांचे मूळही ब्रिटिश, त्यामुळे त्या दुरुस्त केलेल्या कारागिराला एमजी किंवा ट्रायम्फ या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचे बॉनेट उघडल्यावर परके वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्यालाही फसवते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. १९६२ मध्ये आलेली एमजीची एमजीबी ही गाडी अशीच होती. १९६७च्या मार्क दोन या सुधारित आवृत्तीपासून तिच्यात निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर आले. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत सवयीने बॅटरी उलटी जोडली तर बल्ब आणि हॉर्न बिनतक्रार चालतात, पण डायनामोचे चार्जिंग बिघडते आणि आतला रेडिओ जळू शकतो. आजचा स्टिरिओ किंवा एलईडी बल्ब अशा गाडीत विचार न करता बसवता येत नाही. पूर्वी कोणी गाडी निगेटिव्ह अर्थवर बदलली असेल तर कॉइलची दोन बारीक टोकेही अदलाबदल केली होती का, हे पाहावे. ठिणगीच्या प्लगचे मधले टोक निगेटिव्ह असले की ठिणगी कमी दाबात (व्होल्टमध्ये) पडते. उलट असेल तर गाडी चालते, पण चढाला मिसिंग करते.

वायरचे रंग : ब्रिटिश गाड्यांत रंग ठरलेले असतात आणि ते पाठ असले तर निम्मा शोध तिथेच संपतो. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी, फ्यूज नसलेली. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते, तीच फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी. जांभळी फ्यूजमधून पण कायम जिवंत, लाल पार्किंग आणि टेललाईटची, निळी हेडलाईटची, काळी अर्थिंगची. मूळ रंगावर बारीक पट्टा असतो : हिरव्यावर जांभळा म्हणजे ब्रेक लाईट, हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरा उजवा. डॅशबोर्डखाली यात न बसणारी पिवळी-गुलाबी घरगुती फिटिंगची वायर दिसली, की शोध तिच्यापासून सुरू करावा.

मोजण्याची रीत : कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थिंगची केबल आधी काढावी, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. त्यांतली एक गेली तरी दोन्ही गेल्यासारख्या वाटतात. सातारकर मालकांना त्यापेक्षा १२ व्होल्टची एकच लहान बॅटरी बसवणे सोयीचे पडते. चांगल्या भरलेल्या, विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

टेस्ट लँप उपयोगी आहे, पण तो फक्त वीज आहे की नाही एवढे सांगतो. खरे निदान भार चालू ठेवून मीटर लावल्यावर होते. हेडलाईट लावावेत, मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकावर (क्लँपवर नव्हे) आणि दुसरे दिव्याच्या धातूच्या कोंदणावर ठेवावे. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तेवढा दाब अर्थिंग खाते आहे. मग एक टोक पुढच्या पुढच्या जोडावर सरकवत न्यायचे. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. दिवे बंद ठेवून घेतलेले माप फसवते, कारण प्रवाहच नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. ही एकच गोष्ट नवख्याला पटवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

अर्थिंगचे काही चाळे बघण्यासारखे असतात. ब्रेक दाबल्यावर टेललाईट विझतो किंवा मंदावतो आणि इंडिकेटरच्या तालावर भलताच दिवा उघडमीट करतो. टेललाईटच्या कोंदणाला अर्थ मिळत नसल्याने वीज दुसऱ्या बल्बच्या तारेतून परतीची वाट शोधत असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन-बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली तर सेल्फचा प्रवाह ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाहू लागतो आणि केबल तापून धूर निघतो. चोकमधून धूर येताना पाहिल्यावर सेल्फ खोलून बसणारे वायरमन कमी नाहीत.

डायनामो आणि घाट : लुकासचा सी ४० डायनामो जास्तीत जास्त सुमारे २२ अँपिअर देतो, तोही इंजिनाला बऱ्यापैकी फेरे असताना. संध्याकाळी पावसात वाईहून पसरणी घाट चढताना हेडलाईट, टेललाईट, वायपर, कॉइल आणि वारंवार लागणारे ब्रेक लाईट मिळून मागणी वीस अँपिअरपर्यंत जाते; ट्रकमागे रेंगाळत असाल तर डायनामोकडे तेवढे नसते. वर पोहोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असणे हा मग बिघाड नसतो, ती रचनेची मर्यादा असते. शंका असल्यास डायनामोवरील डी आणि एफ या दोन्ही टोकांच्या वायरी काढून ती टोके आखूड तारेने एकमेकांना जोडावीत, त्यांच्यात आणि बॉडीत मीटर लावावा आणि फेरे हळूहळू वाढवावेत. काटा झपाट्याने आणि न थरथरता चढला तर डायनामो निर्दोष, दोष कटआउटच्या (चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या) पेटीत किंवा वायरीत. दाब २० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नये. मीटर जेमतेम एक व्होल्ट दाखवत असेल तर फील्डची (स्थिर) वाइंडिंग तपासावी, सहाच्या आसपास अडकत असेल तर आर्मेचर (फिरणारा भाग), आणि काहीच दाखवत नसेल तर त्यावर टेकणारे कार्बन.

ठिणगी : पॉइंटमधले (कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधले) अंतर लुकासच्या २५डी डिस्ट्रिब्युटरमध्ये (ठिणगी प्लगांना वाटून देणाऱ्या भागात) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. बॅलास्ट (जादा रोधक) नसलेल्या कॉइलच्या प्राथमिक वाइंडिंगचा रोध साधारण ३ ओम येतो. थंड असताना उत्तम चालणारी आणि तापल्यावर बंद पडणारी गाडी बहुधा कंडेन्सरची (पॉइंटला जोडलेल्या, तिथली ठिणगी दाबणाऱ्या भागाची) तक्रार करत असते, पण पेट्रोलची वाफ झाली तरी लक्षण तेच दिसते. म्हणून गाडी बंद पडली त्याच क्षणी ठिणगी तपासावी. थंड झाल्यावर तपासून उपयोग नाही. साताऱ्यात या कामाला माणूस मिळतो. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनत असे आणि तिच्या मॅग्नेटोतही (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रात) पॉइंट आणि कंडेन्सर होते, त्यामुळे जुन्या पिढीच्या मेकॅनिकला पॉइंट घासून गेज लावणे शिकवावे लागत नाही.

इतर : एसयू कंपनीचा विद्युत पेट्रोल पंप चावी फिरवल्यावर टकटक करून थांबला पाहिजे. आवाजच नसेल तर पॉइंट किंवा अर्थिंग, आणि टकटक थांबतच नसेल तर हवा ओढली जाते आहे किंवा टाकी रिकामी आहे. पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम चुकीचे दाखवू लागले तर दोन्ही मीटर बदलण्याआधी त्यांना १० व्होल्ट पुरवणारा स्टॅबिलायझर आणि त्याची अर्थिंग पाहावी.

फ्यूज : एमजीबीच्या आरंभीच्या गाड्यांत फ्यूज दोनच, आणि हेडलाईट त्यांच्या बाहेर. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपिअर हे तो वितळण्याचे माप आहे. कायम वाहण्याचे माप १७. दुकानातून आणलेल्या फ्यूजवरचा ३५ हा कायम वाहण्याचा आकडा असेल तर फ्यूज जाण्याआधी वायर वितळू शकते. जळलेल्या फ्यूजवर तांब्याचे तंतू गुंडाळण्याची युक्ती तर गाडी पेटवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. हेडलाईटसाठी रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज बसवणे हा या गाड्यांतला सर्वांत शहाणपणाचा बदल. जुन्या स्विचमधून सगळा प्रवाह जाणे थांबते आणि दिवेही उजळतात.

नोंदणी आणि दुरुस्ती : २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाची स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते.

डायनामोचे आर्मेचर किंवा फील्ड जळले तर शेतीपंपाच्या मोटारी भरणारे रिवायंडिंगवालेही ते भरून देऊ शकतात. मात्र त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतात : जुन्या वाइंडिंगच्या तारेची जाडी मोजूनच नवी तार वापरावी, आणि कम्युटेटर (आर्मेचरवरचा, कार्बन टेकतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) लेथवर घासल्यावर तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक साधारण ०.८ मिलिमीटर खाली कोरावा. तो कोरला नाही तर कार्बन उड्या मारतो आणि नव्याने भरलेला डायनामो पुन्हा दुकानात येतो.