किनाऱ्यावरचे थवे पाहायचेत? आधी तिथी बघा

डिसेंबर उजाडला की 'सैबेरियाचे पाहुणे कोकणात दाखल' ही बातमी ठरलेली. सगळेच काही सैबेरियाचे नसतात. तपकिरी डोक्याचा कुरव (सीगल) लडाख-तिबेटच्या तलावांवर वीण उरकून येतो. पण बातमी वाचून लोक भल्या पहाटे अलिबागजवळच्या आक्षीची पुळण गाठतात आणि हिरमुसून परततात. रानातले पक्षी सूर्य पाहून वागतात, किनाऱ्यावरचे भरती-ओहोटी पाहून.

ओहोटीला चिखल्या, तुतवार, कोरल हे पक्षी किडे-शिंपले टिपत पाण्यामागे लांब पांगतात. दुर्बिणीतही नुसते ठिपके. पाणी चढू लागलं की चरायची जागा आक्रसते आणि थवे आपसूक किनाऱ्याकडे सरकतात. पूर्ण भरतीला कोरड्या वाळूवर दाटीनं बसतात, एका पायावर, चोच पिसांत खुपसून. तेव्हा भरतीआधीचे दोन तास गाठायचे.

पूर्ण भरतीची वेळ कशी काढायची? मुंबई-रायगडकडचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. सूर्य-चंद्रातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात; म्हणजे पुढे सरकलेल्या चंद्राला गाठायला तिथीमागे १२ × ४ = ४८ मिनिटं जादा, भरतीही तेवढीच लांबते. पाऊणपटीत ४५च धरली जातात. दर तिथीला ३ मिनिटांची तूट, ती द्वादशीपर्यंत ३६ होते: ९ ऐवजी ९.३६. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणून दोन्ही पक्षांत मोजणी नव्यानं सुरू. अर्धा तास इकडेतिकडे होतोच, खाडीत आत तर भरती आणखी उशिरा. पंचांगाचा इतका रोकडा उपयोग असताना लोक त्यात साडेसाती शोधत बसतात!

आपला किनारा पश्चिमेला. दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं आणि पक्षी नुसते काळे दिसतात. म्हणून द्वादशी-त्रयोदशीला सकाळी साडेसातपासून थांबावं, ऊन पाठीशी राहतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी फारसं चढत नाही, थवे लांबच राहतात.

मोजताना दहा पक्षी मोजा, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरा आणि तेवढे तुकडे थव्यावर मांडत जा. हा नमुना विरळ कडेचा घेतला तर आकडा हमखास कमी येतो. मधला आणि कडेचा वेगळा मोजावा. झोपलेल्या पक्ष्यांच्या माना एकदम वर झाल्या की तिथेच थांबा, मागे या. कुरवांना शेव-पाव टाकून जवळ बोलावलं की बसलेला थवा विस्कटतो आणि मोजणी पहिल्यापासून.