अर्धा नफा, एक ओटीपी

जुलै महिना म्हणजे आम्हा कर सल्लागारांचा चतुर्थीआधीचा बाजार. फोंड्यातल्या माझ्या ऑफिसात त्या दिवसांत खुर्च्या पुरत नाहीत. आणि गोव्याबाहेरच्या सीएंना सांगितलं तर खरं वाटणार नाही असा प्रकार रोज चालतो: दुकानाचे कागद घेऊन येतो एकटा नवरा, पण रिटर्न भरायचं असतं दोघांचं.

कारण १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. १९६१ च्या आयकर कायद्यानेही कलम ५अ मध्ये ते मान्य केलं. पगार ज्याचा त्याचा. पण धंद्याचा नफा, घरभाडं, व्याज हे सगळं दोघांच्या नावावर निम्मं निम्मं. म्हणजे बाजारातल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानाला वर्षाला सोळा लाख सुटले, तर आठ लाख वहिनींच्या पॅनवर दिसतात. वहिनींचा या सगळ्यातला सहभाग बहुतेक वेळा एका फोनपुरता असतो. "अगो, मोबाइलवर ओटीपी आलाय बघ, सांग." त्या सहा आकडे सांगतात. झालं.

कागदावर निम्म्या नफ्याची मालकीण असलेली ही बाई उद्या गल्ल्यावर बसली, उधारी कुणाला द्यायची हे ठरवायला लागली, तर नफा वाढेल, घटेल, की होता तेवढाच राहील? दुकानाच्या जागी कंपनी आणि गल्ल्याच्या जागी संचालक मंडळ ठेवा. मग हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरचे अर्थशास्त्रज्ञ सोडवत बसले आहेत. उत्तर बऱ्याच जणांना आवडणारं नाही. मलाही सुरुवातीला आवडलं नव्हतं.

आधी गाजलेले आकडे घेऊ. २००७ मध्ये कॅटॅलिस्ट या अमेरिकी संस्थेने मोठ्या कंपन्यांची क्रमवारी लावली आणि सांगितलं, की ज्यांच्या संचालक मंडळात सर्वांत जास्त बायका आहेत त्यांचा भागभांडवलावरचा परतावा सर्वांत कमी बायका असलेल्या कंपन्यांपेक्षा ५३ टक्के जास्त आहे. २०१५ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने ३६६ कंपन्यांचा अहवाल काढला. वरच्या पदांवर बायकांचं प्रमाण चांगलं असलेल्या पाव हिश्श्यातल्या कंपन्या आपल्या क्षेत्राच्या मध्यापेक्षा बरी कमाई करण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त, असं त्यात होतं. भाषणांमधून फिरता फिरता याचं "बायका घ्या, नफा १५ टक्के वाढेल" असं झालं. अहवालात तसं नव्हतं. तळाच्या पाव हिश्श्यात दर शंभरातल्या ४७ कंपन्या आपल्या क्षेत्राच्या मध्यापेक्षा वर होत्या, वरच्या पाव हिश्श्यात ५४. सत्तेचाळीसला चोपन्न म्हणजे १५ टक्के जास्त. गणित बरोबर आहे; त्याने किती नफा वाढतो हे मात्र त्यातून कळत नाही.

खरी गोम पुढेच आहे. त्या अहवालात कमाईचे आकडे होते २०१० ते २०१३ चे, आणि वरच्या पदांवर कोण बसलंय याची मोजणी २०१४ ची. आधी नफा, मग बायका.

आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळं टांगलेली चौकट, बांधतात. ज्याच्या कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, पीक बरं आलं त्याच्या माटोळीला नारळ, सुपारीचे घोस, निरफणस, सगळं लगडलेलं असतं. शंभर घरं फिरून कुणी नोंद केली तर भरगच्च माटोळी आणि भरलेलं कोठार यांचं नातं झकास जुळेल. म्हणून माटोळी जड बांधली की पुढच्या वर्षी सुपारी जास्त लागते असं कुणी म्हणणार नाही. बरं चाललेल्या कंपनीला माणसं निवडायला सवड असते, नावाची काळजी असते, बाळंतपणाची रजा परवडते. तिथे बायका वर पोचतात. डबघाईला आलेल्या कंपनीत आहे त्यांनाच घरी पाठवायची वेळ आलेली असते.

दुसरी अडचण आम्हा गोंयकारांना कुणी समजावून सांगायला नको. समजा, डिचोलीतल्या एखाद्या खाण कंपनीने २०१२ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा बाई संचालक नेमली. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. ट्रक दारात उभे, बार्ज नदीत उभ्या. ताळेबंद रक्तबंबाळ. आता दूरवरच्या विद्यापीठात बसलेल्या संशोधकाच्या तक्त्यात एकच ओळ उतरते: बाई आली, नफा गेला. दुसऱ्या एखाद्या कंपनीने २०१४ मध्ये, खाणी सुरू करायला न्यायालयाने परवानगी दिली त्या वर्षी, नेमली असती तर ओळ उलटी उमटली असती. २०१८ मध्ये लीज रद्द झाल्या तेव्हा पुन्हा सुलटी. हजारो कंपन्या घेतल्या की असे योगायोग एकमेकांना खोडतात हे खरं, पण सगळेच नाही.

याला औषध एकच. चिठ्ठ्या टाकायच्या. शंभर कंपन्यांची नावं डब्यात घालून पन्नास काढायच्या आणि त्या पन्नासांत बायका नेमायच्या. नवं औषध तपासताना डॉक्टर तेच करतात. पण कोणता उद्योगपती आपली कंपनी डब्यात घालू देईल? म्हणून अर्थशास्त्रज्ञ कायद्यांकडे डोळे लावून बसतात. कायदा कंपनीची मर्जी विचारत नाही, त्यामुळे तो चिठ्ठीच्या जवळपास जातो.

असा कायदा नॉर्वेत झाला. २२ फेब्रुवारी २००२ ला तिथल्या व्यापारमंत्र्यांनी एका वृत्तपत्राला मुलाखत देऊन संचालक मंडळांत ४० टक्के बायका आणण्याचा मनसुबा जाहीर केला. कायदा २००३ मध्ये आला, आणि २००८ पर्यंत तो पाळला नाही तर कंपनी विसर्जित, इतकी कडक शिक्षा. बायकांच्या जागा ९ टक्क्यांवरून ४० वर गेल्या. मिशिगन विद्यापीठाच्या केनेथ अहर्न आणि एमी डिटमार यांनी २०१२ मध्ये याचा हिशेब मांडला. मुलाखतीच्या सुमारास ज्या कंपन्यांत एकही बाई नव्हती त्यांचे शेअर इतरांपेक्षा जास्त पडले होते, आणि पुढच्या वर्षांत त्यांचं बाजारातलं मोलही उतरलं. बायका म्हणून नव्हे, असं ते सांगतात. घाईघाईने भरलेल्या नव्या संचालक वयाने लहान होत्या आणि मोठी कंपनी चालवण्याचा अनुभव त्यांना कमी होता. आरक्षणाच्या विरोधकांनी हा निबंध अनेक वर्षं मिरवला.

मग २०२२ मध्ये एस्पेन एक्बो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोच हिशेब पुन्हा तपासला. त्यांचा आक्षेप ऐकून मला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवला. एका शुक्रवारी तिथे मिरच्या, केळी, चौरिस विकणाऱ्या शंभर बायकांचा धंदा बुडाला. आपण म्हणालो, बघा, शंभर साक्षीदार आहेत, काहीतरी मोठं कारण असणार. पण त्या शुक्रवारी पाऊस कोसळत होता. साक्षीदार शंभर नव्हेत. पाऊस एकच, साक्ष एकच. ऑस्लोच्या शेअर बाजारातल्या कंपन्याही एकाच दिवशी एकत्र हलतात. प्रत्येकीला स्वतंत्र साक्षीदार धरलं तर पुरावा आहे त्यापेक्षा कितीतरी भक्कम वाटतो. एक्बोंनी हे एकत्र हलणं हिशेबात धरलं, आणि शेअर पडल्याचा परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेना. ना फायदा, ना तोटा. त्याआधी २०१९ मध्ये मारियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की कायद्यानंतर आलेल्या बायका आधीच्या बायका संचालकांपेक्षा जास्त शिकलेल्या, जास्त पात्र होत्या. त्यांच्यामुळे खालच्या पायऱ्यांवरच्या बायकांचं फारसं भलं झाल्याचं मात्र त्यांना दिसलं नाही.

एकेका देशाचं राहू द्या. २०१५ मध्ये कॉरिन पोस्ट आणि क्रिस बायरन यांनी १४० अभ्यास एकत्र केले. संचालक मंडळातल्या बायका आणि ताळेबंदातला नफा यांचा सहसंबंध निघाला ०.०४७. शून्य म्हणजे काही नातं नाही, एक म्हणजे तंतोतंत. ०.०४७ चा वर्ग करून बघा: नफ्यातल्या चढउतारापैकी पाव टक्काही यातून उलगडत नाही. शेअरच्या भावाशी तर नातं जवळजवळ शून्य. पण देशांची विभागणी केल्यावर एक गंमत दिसली. जिथे स्त्री-पुरुष समानता बरी आहे तिथे हे नातं किंचित धन, जिथे नाही तिथे किंचित ऋण. ताळेबंद दुकानात काय घडलं ते सांगतो, शेअरचा भाव दुकानाबाहेरच्या लोकांच्या डोक्यात काय आहे तेही सांगतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने ३०९७ कंपन्यांवरचे २० अभ्यास जोडले. उत्तर तेच, शून्याला चिकटलेलं.

मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. पुरुष संचालकांनी नफा वाढतो का, असा अभ्यास कुणी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि नफा हलला नाही म्हणजे खोलीत काहीच हललं नाही, असंही नाही. रेनी अ‍ॅडम्स आणि डॅनिएल फरेरा यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार कंपन्यांची कागदपत्रं चाळली. बायका संचालक बैठकांना कमी दांड्या मारतात. एवढंच असतं तर नवल नव्हतं. पण मंडळात बायका वाढल्या की पुरुषांच्या दांड्याही कमी होतात. लेखापरीक्षणासारख्या, डोळ्यांत तेल घालून बसायच्या समित्यांवर बायका जास्त दिसतात. शेअर घसरला की मुख्याधिकाऱ्याची खुर्ची डळमळण्याचं प्रमाण अशा मंडळांत जास्त. पण ज्या कंपन्यांत आधीच चोख देखरेख होती तिथे ही जादा देखरेख नफ्याला जाचली, आणि जिथे ढिसाळ कारभार होता तिथे उपयोगी पडली. डाळीत मीठ आधीच बरोबर असेल तर वरची चिमूट डाळ बिघडवते.

"बायका जात्याच जपून पैसा वापरतात, तांदळाच्या डब्यात नोटा ठेवतात" हे कौतुकही याच ओघात निकालात काढायला हवं. स्वीडनमधल्या संचालकांची पाहणी झाली तेव्हा तिथल्या बायका संचालक पुरुष संचालकांपेक्षा किंचित जास्त जोखीम घेणाऱ्या निघाल्या. त्यात नवल कसलं? जपून वागणारी बाई त्या खुर्चीपर्यंत पोचणारच कशी!

एका चुकीच्या निष्कर्षाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २००३ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने बातमी छापली, की ब्रिटनच्या मोठ्या कंपन्यांत जिथे बायका संचालक आहेत तिथे शेअर घसरलेत. मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅसलम यांनी तारखा लावून बघितल्या, आणि क्रम उलटा निघाला: शेअर आधीचे काही महिने घसरतच होते, बाई नंतर नेमली गेली. बुडत्या होडीचं सुकाणू बाईच्या हाती द्यायच्या या प्रकाराला त्यांनी काचेचा कडा असं नाव दिलं. पुन्हा माटोळीच, फक्त उलटी बांधलेली.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांत किमान एक बाई संचालक सक्तीची केली. सेबीची मुदत १ एप्रिल २०१५ ची होती. शेवटच्या आठवड्यांत काय धांदल उडाली ते आम्ही जवळून पाहिलं: कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची वहिनी, भराभर संचालक. सेबीने मग बाई 'स्वतंत्र' हवी, म्हणजे मालकाच्या घरातली नको, असं केलं. पहिल्या ५०० कंपन्यांना २०१९ पासून, पहिल्या हजारांना २०२० पासून. तरी सक्ती आहे ती एकीचीच. एकटीचं मत "बायकांचं मत" ठरतं, तीन झाल्या की ते नुसतं मत होतं, असं यावर काम करणाऱ्यांचं निरीक्षण आहे. दहा पुरुषांच्या बैठकीत एकटीने ताळेबंद वाचून दाखवलेल्या कुणाही बाईला ते पटेल.

राहिल्या चिठ्ठ्या. नॉर्वेला जमलं नाही ते आपल्या देशात झालं, पण कंपन्यांत नव्हे, पंचायतींत. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. आरक्षण फिरतं असल्यामुळे या खेपेला कुठल्या गावात बाई प्रमुख होणार हे गावाच्या हातात राहिलं नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायती तपासल्या. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला होता; पाण्याच्या तक्रारी घेऊन जास्त कोण येतं हे सांगायला नको. इथे नफा कुणी मोजला नाही. हापसे मोजले.

पुढे त्याच बंगालमध्ये एक छान प्रयोग झाला. गावकऱ्यांना पंचायत प्रमुखाचं भाषण टेपवर ऐकवलं. शब्द तेच, कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला बाईच्या. जिथे कधीच बाई प्रमुख झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे राखीव जागेमुळे बाई येऊन गेली होती तिथे हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. तरी "तुम्हाला प्रमुख कोण आवडेल?" असं थेट विचारलं की पुरुषांचं उत्तर दोन्हीकडे तेच: पुरुष. आवड बदलली नव्हती, गुण द्यायचा हात बदलला होता. आणि दोन खेपा राखीव राहिलेल्या गावांत पुढे खुल्या जागांवरही बायका जास्त उभ्या राहिल्या, जास्त निवडूनही आल्या.

माझ्या ऑफिसचा फोन मीच उचलते. "सर आहेत?" हा प्रश्न पहिली पाच-सहा वर्षं रोज यायचा. हल्ली आठवड्यातून एखाद वेळी येतो, आणि तोही बहुधा नव्या गिऱ्हाइकाकडून.