मधुमेह आणि हृदयशस्त्रक्रियेनंतरची व्यायामक्षमता

हृदयशस्त्रक्रियेनंतर, मुख्यतः बायपासनंतर, रुग्णाची श्रम करण्याची ताकद टप्प्याटप्प्याने परत आणणाऱ्या कार्यक्रमाला हृदय-पुनर्वसन म्हणतात. त्यात मधुमेही रुग्णांचे प्रमाण मोठे असते. अनेक रक्तवाहिन्यांत अडथळे असलेल्या मधुमेहींना स्टेंटपेक्षा बायपास अधिक लाभदायक ठरते, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ चाचणीने दाखवले. मात्र पुनर्वसनाच्या सुरुवातीला हा रुग्ण त्याच वयाच्या इतरांपेक्षा सहसा कमी चालतो आणि लवकर दमतो.

व्यायामक्षमतेचे पक्के माप म्हणजे कमाल श्रमात शरीर वापरू शकते तो प्राणवायू. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो; त्याला १ मेट म्हणतात. न थांबता दोन जिने चढायला साधारण ४ मेट लागतात. मधुमेहात ही कमाल मर्यादाच खाली येते. हृदयाचा डावा कप्पा ताठर होऊन नीट सैलावत नाही, बारीक रक्तवाहिन्या गरजेनुसार रुंदावत नाहीत आणि स्नायूंतील पेशी आलेला प्राणवायू पुरेसा वापरू शकत नाहीत. बायपासने हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांतील अडथळ्याला वळसा मिळतो, मांडीच्या स्नायूंतला बिघाड तसाच राहतो. ‘ऑपरेशन झालं, तरी दम का लागतो?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा इथे सापडते.

दुसरी अडचण नाडीची. जुन्या मधुमेहात हृदयाचा वेग सांभाळणाऱ्या नसा दुबळ्या होतात. मग बसल्या जागी ठोके जास्त पडतात आणि व्यायामात ते हवे तितके वाढत नाहीत. नाडी मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या ठोक्यांना आणखी दाबतात. अशा रुग्णाला कमाल नाडीचा अंदाज देणारे ‘२२० वजा वय’ हे सूत्र लावणे निरर्थकच. त्याऐवजी रुग्णाला स्वतःला जाणवणारा श्रम ६ ते २० अशा बोर्ग मापावर विचारतात आणि सुरुवातीला तो ११ ते १३ च्या आसपास ठेवतात. चालताना बोलता येते, गाणे म्हणता येत नाही, इतपत. याच नसांमुळे हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत दुखेलच असे नाही; अचानक धाप, घाम किंवा अस्वस्थता हीच खूण समजून थांबावे लागते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याची रक्तातली साखर व्यायामापूर्वी दर डेसिलिटरला ९० ते १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर आधी काही खायला देतात. ती २५० च्या वर असून कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्ल पदार्थ) आढळले किंवा तब्येत ठीक वाटत नसेल, तर त्या दिवशी व्यायाम टाळतात. साखर उतरल्यावर येणारी थरथर आणि धडधड बीटा ब्लॉकरमुळे झाकली जाते, घाम मात्र सुटतो. व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही साखर घसरू शकते.

नाशिकमध्ये शालिमार परिसरातल्या संदर्भ सेवा रुग्णालयात जिल्ह्याबाहेरूनही हृदयरोगी येतात, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बायपासचा समावेश आहे. पण त्यानंतरचे आठवडेच्या आठवडे सुरगाणा किंवा पेठहून व्यायामासाठी शहरात ये-जा करणे कितीजणांना जमणार? त्यांच्यासाठी घरचाच कार्यक्रम आखणे व्यवहार्य. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर पहाटे नुसत्या चहावर चालायला निघणे इन्सुलिनवाल्याला परवडत नाही. निफाड परिसरात पारा एक आकडी होतो त्या दिवसांत तर ऊन पडल्यावरच बाहेर पडावे, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. छातीचे हाड जुळेपर्यंत, साधारण ८ ते १२ आठवडे, भरलेली बादली किंवा द्राक्षांचा क्रेट उचलायचा नाही. दवावर अनवाणी चालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाय बधिर असलेल्याला तो घातक आहे, आणि वणीच्या अनवाणी पदयात्रेबाबतही तेच. बायपाससाठी पायातली शीर काढलेल्या जागी सूज असेल तर सुरुवातीला चालण्याऐवजी बसून सायकल मारणे सोयीचे पडते.

प्रगती सहा मिनिटांच्या चालचाचणीने, म्हणजे तेवढ्या वेळात किती अंतर चालता येते यावरून पाहतात. त्यात साधारण २५ ते ३० मीटरची वाढ अर्थपूर्ण मानतात. मधुमेहींचीही क्षमता वाढते. ती इतरांइतकी वाढेलच असे नाही, पण कार्यक्रमाच्या काळात ज्यांची साखर आटोक्यात राहते त्यांना अधिक फायदा होताना दिसतो. हाड जुळल्यावर हलक्या वजनांचे व्यायामही जोडतात, कारण स्नायू हेच साखर वापरणारे मोठे ठिकाण आहे. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक वाहिन्या वाढल्या असतील, तर श्वास रोखून जोर लावण्याचे व्यायाम वगळतात. नवरात्रात किंवा एकादशीला उपवास असेल, तर औषधाचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा लागतो: दिवसभर उपाशी राहून साखर उतरते आणि संध्याकाळच्या साबुदाण्याच्या खिचडीने ती झपाट्याने चढते.