न ऐकू येणाऱ्या शिट्टीचा आवाज

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ साली अतिशय उंच सुराची एक शिट्टी तयार केली. ती त्याने हातातल्या काठीच्या टोकाला बसवली आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिरत प्राण्यांच्या कानांजवळ वाजवून पाहिली. कोणाचे कान टवकारतात, एवढंच त्याला बघायचं होतं. आज बाजारात मिळणारी ‘डॉग व्हिसल’, म्हणजे माणसाला जवळपास ऐकू न येणारी कुत्र्यांसाठीची शिट्टी, त्याच शिट्टीची वंशज आहे.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत. चाळिशी-पन्नाशीनंतर तर आपल्यापैकी बऱ्याच जणांना १५,०००च्या वरचंही ऐकू येत नाही. धोका इथेच आहे. मोबाइलवर शिट्टीचं अ‍ॅप लावायचं, काही ऐकू आलं नाही की आवाज वाढवायचा, आणि फोन थेट कुत्र्याच्या कानाशी न्यायचा, असं सर्रास होतं. फोनमधला ध्वनी बहुधा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांचा असतो, आणि नमुन्यांच्या निम्म्या आकड्यापर्यंतचेच सूर त्यात मावतात, त्यामुळे तो २२-२४ हजार हर्ट्झच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे अ‍ॅपमधून निघणारी ‘गुप्त’ शिट्टी घरातल्या लहान मुलांनाही कदाचित ऐकू येत असते. मोठ्यांना ती ऐकू येत नसली, तरी कुत्र्याच्या कानावर ती पूर्ण जोरात आदळते.

शिट्टीला उपजत अर्थ नसतो. तिच्यामागोमाग जे मिळतं, त्यातून तो तयार होतो. प्रशिक्षक क्लिकर (दाबल्यावर ‘टक’ वाजणारी छोटी डबी) वापरतात तेही याच तत्त्वावर: ‘टक’ वाजलं की लगेच, सेकंदभरात, खाऊ. काही दिवसांत कुत्रा ‘टक’ ऐकताच तुमच्या हाताकडे बघू लागतो. स्वरांच्या घडणीचा मात्र थोडा परिणाम होतो. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी १९९० मध्ये दाखवलं, की पिल्लांना बोलावताना एका लांब सुरापेक्षा तोकडे, पुन्हा पुन्हा येणारे सूर जास्त उपयोगी पडतात. म्हणून ‘ये ये ये’ म्हणत टाळ्या वाजवणं ही चांगली युक्ती आहे, आणि तिला पैसेही लागत नाहीत.

नवं खेळणं वा शिट्टी पहिल्यांदा वाजवताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा. क्लिकर खिशात ठेवून दाबा, म्हणजे आवाज दबतो. मग कुत्र्याकडे बघत राहा. मान वाकडी करून ऐकत असेल, जवळ येत असेल, तर ठीक. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, कान मागे पाडणं, शेपूट पायात घालणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद. त्याची धांदल बघायला मजा वाटते म्हणून पुन्हा वाजवणं मला क्रूर वाटतं.

चूं-चूं वाजणारी रबरी खेळणी फाटली की आतली पिपाणी काढून घ्या. ती गिळली तर आतड्यात अडकू शकते. आणि दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली लपणाऱ्या कुत्र्यावर असले आवाज आजमावू नका. त्याला आधी पशुवैद्याकडे न्या.