प्रवरानगर (सहकारी साखर कारखाना)

अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यात राहाता तालुक्यात लोणीजवळची वसाहत आणि तिथला ऊस उत्पादकांच्या मालकीचा कारखाना. नोंदणी 1948 च्या अखेरीची धरतात, गाळप 1950-51 च्या हंगामात सुरू झालं.

'आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना' हे बिरुद जरा जपूनच वापरावं. आंध्रात विशाखापट्टणमच्या बाजूला एटिकोप्पाका इथली (हो, तेच लाखेच्या खेळण्यांचं गाव) सहकारी साखर संस्था 1933 ची आहे, आणि साधारण त्याच काळात आंध्रात नि उत्तर प्रदेशात असे आणखी दोन-तीन प्रयोग झाले, ते टिकले नाहीत. म्हणून काहीजण 'पहिला यशस्वी' म्हणून वाद मिटवतात, पण एटिकोप्पाका तर टिकला होता, मग तेही नीट बसत नाही. महाराष्ट्रातला पहिला, आणि ज्याचं बघून राज्यात पुढचे सहकारी कारखाने निघाले तो, एवढं म्हटलं की पुरे.

श्रेयाचंही तसंच. लोकांच्या तोंडी नाव एकच, विठ्ठलराव विखे पाटील. अभ्यासक मात्र धनंजयराव गाडगीळ (पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे, कारखान्याचे पहिले चेअरमन) आणि मुंबई राज्याचे तेव्हाचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांनाही जोडीला धरतात, आणि ते जास्त पटतं, कारण विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले तरी नुसत्या शेअरवर मशिनरी येत नाही, त्याला सरकारी भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज लागलं, आणि अशा ठिकाणी गाडगीळांच्या शब्दाला वजन होतं.

त्याच्याही आधीची तयारी सहसा कोणी सांगत नाही. भंडारदरा धरण 1926 ला पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर बागायत आली. लोणी बुद्रुकची पतपेढी 1923 ची, म्हणजे हिशेब ठेवणं, हप्ता फेडणं याची सवय लोकांना पंचवीसेक वर्षं आधीपासून होती. शिवाय बेलापूर भागात खासगी कारखाने आधीच चालू होते, त्यांना खंडानं दिलेल्या जमिनी आणि गुळाचे पडते भाव यातून शेतकरी वैतागलेला होता.

ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, नाहीतर वजन नि उतारा (उसातून निघणारं साखरेचं प्रमाण) दोन्ही घटतात, त्यामुळे कारखाना शिवारालगतच हवा. म्हणून मग रस्ते आणि वर्कशॉपही तिथेच आले. पुढे उसाच्या बिलातून टनामागे कपात करून शाळा, कॉलेज, दवाखाना उभा राहिला. मताचा हक्क मात्र एक सभासद एक मत, ऊस कितीही घालो.

तोडणीला येणारे मजूर बहुतेक बीड, पाथर्डीकडचे, त्यांची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) नि मुकादम (मजुरांची टोळी आणणारा) ही वेगळीच व्यवस्था आहे. ते सभासद नसतात.