बुलेटिनमधला चेहरा का बदलतो? सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

केबलवरच्या स्थानिक बातम्यांतला ओळखीचा चेहरा दिसेनासा झाला की 'पगारावरून बिनसलं असणार' असं सांगली-साताऱ्यात सहज म्हटलं जातं. पैशाचं कारण असतंच. पण एकेकटा नव्हे, जथ्याने निवेदक बाहेर पडले ते बातमी घरात पोचण्याची वाट बदलली तेव्हा.

वृत्तनिवेदक म्हणजे कायमचा माणूस, ही सवय मुंबई दूरदर्शनने लावली. २ ऑक्टोबर १९७२ ला ते सुरू झालं आणि प्रदीप भिडे, अनंत भावे लोकांना वर्षानुवर्षं दिसत राहिले. जिल्ह्यातल्या वाहिनीला ती ऐपत कधीच नव्हती.

केबलचा १९९५ चा कायदा आल्यावर चालकाने हेड पोस्टात शुल्क भरून वर्षाची नोंदणी करायची. अ‍ॅनालॉग केबलमध्ये एखादी मोकळी फ्रिक्वेन्सी, एक मॉड्युलेटर (चित्र-आवाज त्या फ्रिक्वेन्सीवर बसवणारं यंत्र) आणि एक व्हीसीआर असला की वाहिनी तयार. दुपारी रेकॉर्ड केलेल्या बुलेटिनची कॅसेट मोटरसायकलवरून कंट्रोल रूमला जायची; तीच रात्री आणि पुन्हा सकाळी लागायची. वायर जिथवर, ओळख तिथवर. कराडचा चेहरा मिरजेत कोण ओळखणार? त्यामुळे निवेदन हा जोडधंदाच राहिला. खरी मिळकत लग्नसमारंभाचं, सराफाच्या उद्घाटनाचं सूत्रसंचालन करून.

२००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत आलं. त्यांना जिल्ह्यातून निवेदक नको होता, बातमीदार हवा होता. तोही बहुधा स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे. पडद्यावर बसायचं तर मुंबई गाठायची, आधी डेस्कवर घासायचं आणि 'न-ण' सुधारायचे. गंमत अशी, की कवठेमहांकाळ न अडखळता म्हणणारा माणूस तिथे अशुद्ध ठरायचा.

सगळ्यात मोठी पडझड केबलच्या डिजिटायझेशनने केली. मोठ्या शहरांनंतर उरलेल्या शहरी भागासाठी मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, ग्रामीण भागासाठी ती वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर गेली. सेट-टॉप बॉक्स आल्यावर सिग्नल एमएसओच्या, म्हणजे अनेक केबलवाल्यांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या चालकाच्या, हेडएंडवरूनच (सगळ्या वाहिन्या गोळा होऊन पुढे सुटतात त्या केंद्रातून) कोड होऊन येऊ लागला. गल्लीतल्या केबलवाल्याला मध्येच आपली वाहिनी घुसवता येईना. एमएसओकडून जागा घ्यायची, तिचं भाडं द्यायचं. वर वाहिनीचा क्रमांक बदलला की प्रेक्षक हरवतो, प्रेक्षक हरवला की जाहिरात जाते आणि पहिली कात्री निवेदकाच्या मानधनाला लागते. नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी आवळलं: एमएसओच्या स्वतःच्या वाहिनीवर स्थानिक बातम्या द्यायच्या तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेली हवी आणि कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपायला हवं.

तोवर मोबाइल आला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वेळी लोकांना रात्रीचं बुलेटिन नको असतं, आत्ताचा आकडा हवा असतो. आणि वीज गेलेल्या घरात टीव्ही बंदच. फोनवरून लाइव्ह करणाऱ्याला ना हेडएंड लागतो ना मालक, म्हणून त्यानंतर सोडून जाणं सोपं झालं.

भांडणं मात्र वाढली. श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदा वृत्तपत्रांपुरता होता, त्यामुळे नोटिशीची मुदत वगैरे कागदावर असेल तेवढीच असायची. आणि इथे बऱ्याचदा कागदच नसतो. 'सहा महिने दुसरीकडे दिसायचं नाही' अशी अट मालक घालतात, पण नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. खरी अडचण यूट्यूब खात्याची. सुरुवातीला कुणाला तरी उघडायचं म्हणून ते निवेदकाच्याच जीमेलवर उघडलेलं असतं. तो गेल्यावर पासवर्ड बदलायला जावं तर ओटीपी त्याच्याच फोनवर. जाहिरातींतला त्याचा आवाजही मागे राहतो. सराफ तो पुन्हा रेकॉर्ड करायचे पैसे देत नाही, मग दिवाळी उलटली तरी गेलेला माणूस त्या वाहिनीवर मजुरीतल्या सवलतीबद्दल बोलतच असतो.