गर्भाशयमुखाचा कर्करोग : विषाणूचा शोध आणि त्याला साथ देणारे घटक

इटलीतील व्हेरोना शहरात डॉक्टर डोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि १८४२ मध्ये निष्कर्ष मांडले. गर्भाशयाच्या कर्करोगाने दगावलेल्यांत विवाहित आणि विधवा स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, नन्समध्ये मात्र हा आजार क्वचितच आढळत होता. गर्भाशय आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग तेव्हा वेगळे मोजले जात नव्हते. तरीही लैंगिक संबंधांशी या आजाराचे काही नाते असावे, हा संशय तेथून बळावला. पुढे तो रुग्ण स्त्रीच्या चारित्र्यापर्यंत नेण्यात आला, हे फार वाईट झाले.

लहान वयातील लग्न, वारंवारची बाळंतपणे, त्या वेळच्या जखमा, वर्षानुवर्षांचा दाह असे अनेक तर्क मांडले गेले. दाहाचा तर्क निराधार नव्हता. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ मध्येच गाठींमध्ये रक्तातील पांढऱ्या पेशी पाहून दीर्घकालीन दाह आणि कर्करोग यांची सांगड घातली होती.

१९६०च्या दशकात संशयाची सुई नागीण गटातील जननेंद्रियांच्या हर्पीस विषाणूवर स्थिरावली, कारण रुग्ण स्त्रियांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे जास्त सापडत. जर्मन संशोधक हाराल्ड झुर हाउझेन यांनी गाठींच्या नमुन्यांत हर्पीसचा डीएनए शोधला. तो मिळाला नाही. त्यांनी मग चामखिळींच्या विषाणूंकडे, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसकडे (एचपीव्ही) मोर्चा वळवला आणि बरीच वर्षे प्रवाहाविरुद्ध काम केले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने एचपीव्ही-१६ आणि पुढच्याच वर्षी एचपीव्ही-१८ वेगळा केला. आज जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या आणि प्रयोगशाळांत तेव्हापासून वाढत असलेल्या हेला पेशींतही एचपीव्ही-१८ निघाला. झुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले.

विषाणूची करामत त्याच्या दोन प्रथिनांत आहे. ई६ हे पी५३ या पहारेकरी प्रथिनाचा नाश घडवते, तर ई७ पेशीविभाजनावर लगाम ठेवणारे आरबी प्रथिन निकामी करते. १९९९ मध्ये जगभरच्या नमुन्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा ९९.७ टक्के गाठींत एचपीव्ही आढळला.

मात्र लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीची लागण होते, एकच जोडीदार असला तरी होऊ शकते, आणि बहुसंख्य संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप ओसरतात. मग थोड्याच स्त्रियांत तो का टिकतो? माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याने मागे पडलेले जुने तर्क पुन्हा पुढे आणले.

बाळंतपणांच्या तर्कामागे संप्रेरके (हार्मोन्स) असू शकतात, आणि त्यांचा पुरावा उंदरांत ठळकपणे दिसला. एचपीव्ही-१६ ची जनुके बसवलेल्या माद्यांना दीर्घकाळ इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिल्यावर त्यांच्या गर्भाशयमुखात कर्करोग झाल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांमध्ये, संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पाच वर्षे वा अधिक घेणाऱ्यांत धोका सुमारे दुप्पट असल्याचे २००७ मधील मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसले. गोळ्या थांबवल्यावर तो उतरत जातो आणि दहाएक वर्षांत कधीच न घेणाऱ्यांइतका होतो. ही दुसरी बाजू न सांगता पहिलीच सांगणे म्हणजे स्त्रियांना उगाच घाबरवणे आहे. एचपीव्ही असलेल्या स्त्रियांत अनेक बाळंतपणांनीही धोका वाढतो. गर्भारपणातील संप्रेरके आणि गर्भाशयमुखावरील नाजूक संक्रमण-पट्टा (जिथे दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना मिळतात) जास्त काळ उघडा राहणे, ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात.

दाहाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एचपीव्ही स्वतः फारसा दाह करत नाही, म्हणूनच तो प्रतिकारशक्तीच्या नजरेतून सुटतो. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या जिवाणूसारख्या दुसऱ्या संसर्गामुळे मात्र ऊतींत सतत धग राहते, डीएनएला इजा करणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि पेशी पुन्हा पुन्हा विभाजित होतात. एकेकाळचा मुख्य आरोपी हर्पीसही काही अभ्यासांत सहकारी घटक म्हणून परतला. तंबाखूचे धूम्रपान याच यादीत येते, आणि एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या स्त्रियांना तर सुमारे सहापट धोका असतो.

२००६ मध्ये आलेली लस नवा संसर्ग रोखते, आधीच मुरलेला काढू शकत नाही. लागण झालेल्या स्त्रियांसाठी म्हणूनच नियमित तपासणी आणि वेळीच उपचार हाच मार्ग आहे, आणि त्यांच्यापैकी कोणाचा संसर्ग टिकेल हे आधी ओळखण्यासाठी संप्रेरके आणि दाह यांचा अभ्यास आजही चालू आहे.